ट्रॅक्टरवरची नव्वदची गाणी

आमच्या आष्टी तालुक्यातून ऊस तोडायला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप असते. लोक अजून तिला टेपच म्हणतात, पण तिच्यात कॅसेट जात नाही, पेन ड्राइव्ह लागतो. ड्रायव्हरच्या डोक्यामागं दोन दांडगे स्पीकर, वर दोन कर्णे, खाली बेसचा पेटीएवढा डबा. ट्रॅक्टरचं टायर गुळगुळीत झालेलं चालतं, मागचा दिवा नसला तरी चालतो. टेपशिवाय गाडी गावातून हलत नाही. आणि त्या टेपवर वाजतं काय, तर माझ्या जन्माच्या आधीचं. नव्वदच्या दशकातली सिनेमाची गाणी आणि त्याच काळात कॅसेटवर निघालेली बेवफाईची गाणी. कसमा, वादे, परदेस, फाडलेले खत, दुसऱ्याच्या दारात वाजणारी शहनाई. आज कडा-आष्टी रस्त्यावर उभं राहिलं तर दहातल्या आठ गाड्या तेच वाजवत जातात, आणि चालवणारी पोरं माझ्यापेक्षाही लहान असतात.

मला ती गाणी आवडत नाहीत. आजही नाहीत. पुढं जे लिहिणार आहे त्यानं माझं मत बदललं असं कुणी समजू नये.

माझं वाचन पत्रकांवर झालं. आई आणि अण्णा दरवर्षी ऊस तोडायला जायचे आणि मी लहानपणी त्यांच्याबरोबर कोपीवर असायचे. पाचटाच्या त्या झोपडीत पुस्तक कुठलं? पण पत्रकं यायची. संघटनेचे लोक द्यायचे, निवडणुकीतले उमेदवार द्यायचे, आरोग्य खात्याची यायची, मूळव्याध मुळापासून बरी करणाऱ्याचंही यायचं. अण्णा मोठेपणी वाचायला शिकलेले. हातात आलेला छापील कागद ते कधी टाकत नसत. चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचायचे, आणि प्रत्येक पत्रक, मूळव्याधीचंसुद्धा, एकाच आवेशात वाचायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द ‘जाहीर आवाहन’ हे आहेत. त्यामुळं माझ्या डोक्यात एक सवय पक्की झाली. समोर शब्द आला की मी आधी विचारते, हा कुणाच्या बाजूनं बोलतोय? आता मी आष्टीला राहून ऊसतोड बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

त्या गाण्यांना तो प्रश्न विचारला की उत्तर येत नाही. त्यांत कोयता नाही, फड नाही, मोळी नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई त्यांत कुठंच नाही. त्यांत बंगला आहे, बाग आहे, आणि रिकामा वेळ असलेला एक माणूस आहे जो रडतो आहे. हे आमच्या लोकांनी का म्हणावं?

आई ती गाणी म्हणते. नुसती गुणगुणत नाही, पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. तिचं लग्न झालं, ती पहिल्यांदा उसाला गेली, आणि त्याच सुमाराला गाड्यांवर टेप आल्या. तिच्या टोळीतल्या बायकांचं बोलणं आहे की ही उचलत नाही तोवर गाणं चढत नाही. गाडी भरताना टेप सुरू झाली की आधी आईचा आवाज येतो आणि मग बाकीच्यांचा.

एकदा फडावर गेले होते तेव्हा मी तिला चिडून विचारलं होतं, “कावून आवडतात गं तुला ही गाणी? यात तुझं काय हाय?”

आई मोळी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग काय तुझं पत्रक गाऊ?”

सगळ्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, “गा की गं. जाहीर आवाहनाला चाल लाव.” पुढं दोन दिवस त्या मला बघितलं की ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणून सूर लावायच्या.

आष्टीच्या स्टँडजवळ टेप बसवणाऱ्या एका चाचांचं दुकान आहे. आमच्या भागातल्या बहुतेक ट्रॅक्टरच्या टेपा त्यांच्या हातच्या. कॅसेटी बंद झाल्या तेव्हा त्यांनी दुकानातली सगळी जुनी गाणी कॉम्प्युटरवर चढवून ठेवली, आणि आता तीच पेन ड्राइव्हमधून गावोगाव जातात. मी त्यांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, “बेटा, पोरं आके नया गाना भरके ले जाते. आठ दिनां में वापस. चाचा, वो नव्वद का डाल दो, बाया वरडते.”

“का ओरडतात?”

“मेरे कू क्या मालूम? तू बायांमधली, तूच विचार.”

मी विचारलं. आईचं उत्तर ठरलेलं होतं. “नव्या गाण्यात बोलच न्हाईत. नुसतं धाड धाड धाड. कोण काय म्हणतंय कळतच न्हाई.” अण्णांनी मान डोलावली. शेजारची काकू म्हणाली, खरंय बाई. गावात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, हेच सांगतील. म्हणून आईच्या त्या बोलण्यात कुणाला वेगळं काही दिसलं नाही. मलाही नाही.

मधल्या काळात टेपशी माझं भांडण जास्त गंभीर झालं. फडात ऊस भरायला ट्रॅक्टर मागं घ्यावा लागतो. मागं बायका मोळ्या घेऊन उभ्या असतात, पोरं खेळत असतात, कुणी उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करत असतं. टेप एवढ्या मोठ्यानं चालू असते की मागून कुणी ओरडलं तरी ड्रायव्हरला ऐकू जात नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईचा पाय असाच ट्रॉलीच्या चाकाखाली गेला. बाजूचे सगळे ओरडत होते आणि टेपवर कुणीतरी आपल्या प्रेयसीला दुवा देत होता. मी संघटनेसाठी पत्रक लिहिलं. मागण्या साध्या होत्या: ट्रॉलीला मागं दिवे लावा, रिफ्लेक्टर लावा, आणि टेप काढून टाका. शेवटच्या मागणीखाली मी जाड रेघ मारली होती.

ते पत्रक अण्णांनी घरात मोठ्यानं वाचलं. आई भाकरी थापत होती. काही बोलली नाही. मला वाटलं, रागावली.

यंदाच्या दसऱ्याला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या अंगणात ट्रॅक्टरची पूजा होती. गाडी धुतलेली, पुढं झेंडूचं तोरण, बोनेटवर हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. कोयतेही धुऊन मांडलेले. टोळीतल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या आणि रिकाम्या ट्रॉलीत चढून बसल्या होत्या. यंदाचा ड्रायव्हर मुकादमाचा पुतण्या, विशीतला, केसांची एक बाजू उडवलेली. नारळ फुटला आणि त्यानं टेप लावली.

सुरुवातीची ढोलकी ओळखीची होती. आमच्या गावात ती न ओळखणारा माणूस नाही. आईनं ट्रॉलीच्या पत्र्यावर हात टेकवला, डोळे मिटले आणि गाणं उचललं. बाकीच्या बायका मागोमाग आल्या. पहिल्या दोन ओळी तशाच गेल्या. पण ते जुनं गाणं नव्हतंच. त्याच गाण्याचं नवं रूप होतं, हल्ली करतात तसं. धृपद झालं की मूळ गाणं बंद पडत होतं, आणि त्याच ठेक्यावर एक माणूस भराभर काहीतरी बोलायला लागत होता, अर्धं इंग्रजी, अर्धं पंजाबी. बायका एकेक करून थांबल्या. एकमेकींकडं बघायला लागल्या.

आई थांबली नाही. ती पुढचं कडवं म्हणत राहिली. सुरात, ठेक्यात, एक शब्द न चुकता. टेपवर तो माणूस गाडी आणि चष्म्याबद्दल बडबडत होता आणि त्याच्यावरून आई, डोळे मिटून, कुणाच्या तरी वाटेकडं डोळे लावून बसलेल्या बाईचं कडवं म्हणत होती.

“काय गं ए, तुझी गाडी कुनीकडं चालली?” शेजारचीनं तिला कोपर मारलं.

आईनं डोळे उघडले. सगळ्या हसत होत्या. ती पण हसली. पण ती कशाला हसत होती हे तिला माहीत नव्हतं. मी अंगणातून तिचा चेहरा बघत होते. ती सगळ्यांची तोंडं बघून हसत होती. आणि मग तिनं पुन्हा पत्र्यावर हात टेकवला आणि उरलेलं कडवं पुरं केलं.

“मावशी, ते न्हाई हाय यात,” ड्रायव्हर वरून ओरडला. “हे नवीन हाय, नवीन!” तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर आई चुलीपुढं बसली. तिची पाठ माझ्याकडं होती. अण्णा उंबऱ्यात तंबाखू मळत होते. मी रोजच्या आवाजात म्हणाले, “आई, मी उद्या लग्न करतीय.”

आईनं पीठ ओढलं आणि भाकरी थापायला घेतली.

अण्णांच्या हातातली तंबाखू सांडली. “कुणाशी गं?”

मी त्यांना हातानं थांबवलं. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, “आई, मी उद्या लग्न करतीय.” तव्यावर भाकरी पडली, तिनं वरून पाण्याचा हात फिरवला. अण्णा आधी माझ्याकडं बघत राहिले, मग तिच्या पाठीकडं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. ते म्हणाले, “मला वाटायचं, रुसती. फडात हाका मारतो तर वळत न्हाई. मी म्हणायचो, बाईला राग आला आसंल कशाचा. मंग मी जाऊन खांद्याला हात लावायचो.”

“कधीपासून?”

“झाले की दोन-तीन पट्टे.” आमच्याकडं उसाच्या हंगामाला पट्टा म्हणतात.

आई वळली, आमची तोंडं बघितली आणि तिला कळलं. ती आधी भडकली. “येतंय की मला ऐकू! गाणं येतंय मला. बहिऱ्या माणसाला गाणं येतं का कुठं?”

हाच तिचा पुरावा होता आणि आमचाही तोच होता. जी बाई टोळीत सगळ्यात आधी सूर धरते ती बहिरी आहे असं कुणाच्या मनात येणार?

बीडला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी तिच्या कानावर यंत्र लावलं आणि वेगवेगळे आवाज सोडले. आवाज आला की बोट वर करायचं. काही आवाजांना आई लगेच बोट वर करायची. काही वेळा डॉक्टर बटण दाबताना मला बाहेर, बंद काचेतून दिसायचे आणि ती समोर बघत शांत बसलेली असायची. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जाड आवाज तिला येतात. ढोल, इंजिनाची घरघर, ढोलकीचा ठोका. बारीक आवाज गेले आहेत. बाईचा आवाज, पोराचं रडणं, बोलण्यातली अक्षरं, ट्रॅक्टर मागं येताना वाजतो तो पीं-पीं भोंगा, हे सगळं गेलं. कशामुळं गेलं, ते त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. लहानपणी कान फुटला असेल, वय असेल, मोठ्या आवाजात वर्षं काढली असतील.

“पण ती गाण्यातले शब्द म्हणते,” मी म्हणाले.

“जुन्या गाण्यातले ना? ते त्यांना ऐकू येत नाहीत. ठोका ऐकू येतो. शब्द त्यांना आठवतात.”

मग माझ्या लक्षात आलं की नव्या गाण्यात बोलच नाहीत, हे ती अगदी खरं सांगत होती. तिच्या कानात नव्या गाण्याचा एकही शब्द कधी पोचला नव्हता. जुन्या गाण्याचाही पोचत नव्हता, पण तिथं तिला गरज नव्हती.

डॉक्टरांनी कानाचं मशीन लावून बघायला दिलं. मी फोनवर तिचं आवडतं गाणं लावलं. तिनं मान तिरकी करून ऐकलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली. “हा कोण गातोय?”

“तोच की गं.”

“न्हाई. त्याचा आवाज आसा न्हाई. हा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा बोलतोय.” तिनं मशीन काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, बरेच दिवस लागतील. आणि काय काम करता, असं विचारलं.

“ऊस,” आई म्हणाली. तेवढं तिला त्यांच्या तोंडावरून कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, घामात आणि धुळीत हे टिकणार नाही, फडात लावू नका. आणि गाड्या मागंपुढं होतात तिथं यांना एकटं उभं राहू देऊ नका. मशीन आम्ही घेतलं. ते कसं घेतलं ते इथं लिहीत नाही. आई घरात लावते, जेवताना, अण्णांशी बोलताना. कुणी पाहुणे आले की काढून ठेवते.

दिवाळी झाली. टोळी निघायची वेळ आली. मी म्हणाले, तू जायचं नाही.

आई म्हणाली, “कोयता दोघांचा आसतो. तुझ्या बापाला आर्धा कोयता म्हणून कोण घेईल?” टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात.

“मी जाते अण्णांबरोबर.”

“तू?” ती हसली, आणि तिच्या हसण्यात जरा मजा होती. “तू दोन मोळ्या बांधशील आन् तिसऱ्या मोळीला पत्रक काढशील.”

मी हसले नाही. मी तिला समोर बसवलं आणि तोंड स्पष्ट हलवत सांगितलं की गाडी मागं येईल, तुला भोंगा ऐकू येणार नाही, बायका ओरडतील ते ऐकू येणार नाही, आणि तेवढंच पुरेसं होईल. पाय चाकाखाली गेलेल्या त्या बाईचं काय झालं ते तू बघितलंयस. तिचा तर कान चांगला होता. आणि मी हेही सांगितलं की मी नवं पत्रक लिहिते आहे आणि या वेळी टेपा निघेपर्यंत सोडणार नाही.

आई मशीनच्या डबीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “तू टेप काढशील तर मला काय ऱ्हाईल?”

“तुझा पाय राहील.”

“घरात मी बहिरी हाय,” ती म्हणाली. “दुकानात हाय, लग्नात हाय, तुझ्या संघटनेच्या बैठकीत बी हाय. बायका बोलतात, मी मुंडी हालवते. गाडीवर मी बहिरी न्हाई. टेप लागली की मला समदं कळतंय. कोण कुठं हाय, गाणं कुठवर आलं, आता समद्या काय म्हणणार. तितं मी समद्यांच्या म्होरं आसते. तू ते काढून घेशील आन् मला ह्या डबीत बसवशील.”

मी पत्रकातलं बोलायला तोंड उघडलं होतं आणि बंद केलं. अण्णा उंबऱ्यात बसून ऐकत होते. आईच पुढं म्हणाली, आणि आता ती भांडत नव्हती, कामाचं बोलत होती. “टेप काढू नका. गाडी मागं घेताना बंद करा. ढोलकी चालू हाय तवर मी माझं काम करीन. ढोलकी थांबली की मी बाजूला होऊन मागं बघीन. भोंगा मला येत न्हाई, पण ठोका बंद झाला तर मला लगीच कळतंय.”

“आणि त्यानं बंद केली नाही तर?”

“त्याला शिकव. तू लई शिकवती की लोकांला.”

शाळेमागच्या मोकळ्या रानात आम्ही ते करून बघितलं. टोळी निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी. मुकादम आला नाही, पण गाडी त्यानं दिली. टोळीतल्या बायका आल्या, अण्णा आले. मी ड्रायव्हरला सगळं समजावून सांगितलं. तो कुरकुरला.

“म्हंजी गाणं मधीच तोडायचं? कडव्यात? मजा जाती ना ताई.”

मी आईला त्याचं म्हणणं खुणेनं सांगितलं. आई म्हणाली, “तोड की बे. म्होरलं मला पाठ हाय.”

त्यानं गाणं लावलं, या वेळी जुनंच. आई फडात उभी राहते तशी गाडीच्या मागं, पाठ करून उभी राहिली. वाकून काल्पनिक ऊस गोळा करायला लागली आणि गायला लागली. ड्रायव्हरनं टेप बंद केली आणि गाडी मागं घेतली. ठोका थांबला तशी आई सरळ झाली, चार पावलं बाजूला गेली, वळून बघितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. मधे एकदा त्यानं टेप बंद केली आणि गाडी जागीच ठेवली, तिची गंमत करायला. आई बाजूला झाली, वळून त्याला बघितलं आणि शिवी दिली. सगळे हसले. त्याला ते आवडायला लागलं होतं. तो स्वतःही गायला लागला.

त्यामुळंच झालं असेल. कडवं रंगात आलेलं, तो मान हलवत गात होता, आणि नेहमीच्या सवयीनं त्यानं गिअर मागं टाकला. टेप चालूच.

भोंगा वाजायला लागला. बायका किंचाळल्या. अण्णा धावले. मी ओरडले, माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आई वाकलेली होती आणि गात होती, आणि ट्रॉली तिच्या पाठीवर येत होती, आणि तिच्या कानाला सगळं ठीक होतं कारण ढोलकी चालू होती. ड्रायव्हरला आमचं ओरडणं ऐकू गेलं नाही. त्याला आरशात अण्णा धावताना दिसले. त्यानं ब्रेक मारला. ट्रॉलीचा मागचा पत्रा आईच्या कमरेपासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर त्यानं टेप बंद केली.

ठोका थांबला तशी आई सरळ झाली. वळली. पत्रा तिच्या नाकासमोर होता.

ड्रायव्हर खाली उतरला आणि उतरल्या जागी मातीत बसला. अण्णा मधेच उभे राहिले होते, त्यांना पुढंही येता येईना. आई सगळ्यांकडं बघत होती. “काय झालं?” तिनं विचारलं. पुन्हा विचारलं. बायकांनी माना खाली घातल्या. शेवटी मी तिच्यासमोर गेले आणि तोंड नीट हलवत सांगितलं, “त्यानं टेप बंद केली नाही.”

मला वाटलं आता संपलं. आता ती स्वतःच म्हणेल की मी येत नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

आई पोराजवळ गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उडवलेल्या केसांवरून फिरवला. “आज चुकला ते बरं झालं,” ती म्हणाली. “आता चुकायचा न्हाईस.” मग मागं जाऊन होती तिथंच उभी राहिली, आणि आमच्याकडं पाठ केली. “लाव पुन्हा.”

त्याला चढवेना. अण्णांनी त्याला हात देऊन चढवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी मडगार्डवर बसले. टेप लागली. त्या वेळी आई गायली नाही. फक्त वाकून हात चालवत राहिली. बराच वेळ गाणं चाललं. मग ड्रायव्हरचा हात टेपकडं गेला, आणि ठोका थांबला, आणि आई बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी टोळी गेली. आई गेली.

टेप काढण्याची मागणी मी पत्रकातून वगळली. तिथं एक ओळ टाकली: गाडी मागं घेताना टेप बंद करा. आमच्या गावच्या गाड्यांनी ते मान्य केलं. बाकीच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी पत्रक घेतलं, घडी केली आणि खिशात घातलं, काहींनी समोरच सीटखाली सारलं. मला या गोष्टीचं समाधान नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं ऊस तोडला तिचा जीव एका पोराच्या अंगठ्यावर टांगलेला असावा आणि तेवढ्यासाठीही आम्ही विनंती करावी, याचा मला संताप आहे आणि तो मी शमू देणार नाही. दिवे, रिफ्लेक्टर, कानांची तपासणी, फडावर गाडी मागं घेताना खाली उभा राहणारा माणूस, या मागण्या उभ्या आहेत. आणि ती गाणी मला अजून आवडत नाहीत. पण ती कुणाच्या बाजूची, असं आता मी आईसमोर विचारत नाही.

आईला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून मी फोन ड्रायव्हरला करते. रोज नाही, पण करते. आधी तो घाबरायचा, मी रागवायला फोन केलाय असं त्याला वाटायचं. आता स्वतःच सांगतो, आज किती खेपा झाल्या, कुठला फड धरलाय.

परवा म्हणाला, “ताई, एक सांगू का? आता मी टेप बंद केली ना, तर मावशी एकटी बाजूला होत न्हाई. समद्याच होतात. काल दुसऱ्या गावच्या टोळीतली एक बाई आमच्या फडावर आली होती पाणी मागायला. टेप थांबली तर मावशीनं तिचा हात धरून तिला बी बाजूला वढलं. ती बाई म्हणाली, काय झालं? मावशीला काय ऐकू आलं न्हाई. मी वरून सांगितलं, गाडी मागं येतीय.”